आकाशातला दुसरा साक्षीदार

कराची ते पुणे हे हवाई अंतर सुमारे एक हजार किलोमीटर आहे. एवढ्या पल्ल्याचे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र कमीत कमी ऊर्जेच्या मार्गाने सोडले, तर ते साधारण अडीचशे किलोमीटरची उंची गाठते आणि आठ-नऊ मिनिटांत खाली येते. बारावीतली प्रक्षेपित वस्तूच्या गतीची सूत्रे ज्याला आठवत असतील, त्याला हे गणित पाठकोऱ्या कागदावरही मांडता येईल. संध्याकाळच्या रहदारीत शिवाजीनगरहून स्वारगेट गाठायलाही जी पुरत नाहीत, त्या आठ-नऊ मिनिटांत देशाने काय काय करायचे, हा प्रश्न मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत घरोघरी विचारला गेला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी हवाई हल्ल्यांपासून संरक्षण देणारी ढाल उभारण्याच्या, २०३५ पर्यंत पूर्ण करावयाच्या ‘सुदर्शन चक्र’ मोहिमेची घोषणा केली, तेव्हापासून त्याची चर्चा अधिक गंभीरपणे होऊ लागली आहे. या चर्चेत अवकाशातल्या सेन्सरांचा उल्लेख वारंवार येतो आणि तो जवळजवळ नेहमी ढालीचा एक भाग म्हणूनच येतो. उपग्रह पाहील, संगणक ठरवील आणि इंटरसेप्टर पाडील, असा तो साखळीतला पहिला दुवा मानला जातो. हे सेन्सर आपल्याला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ते ज्या कारणासाठी मागितले जात आहेत ते कारण मला चुकीचे वाटते. पश्चिम सीमेपलीकडून येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत ते आपला वेळ फारसा वाचवणार नाहीत. ते आपल्याला खात्री देतील, आणि खात्रीसाठी बांधायची यंत्रणा ही मारा करण्यासाठी बांधायच्या यंत्रणेपेक्षा वेगळी असते.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. अवरक्त किरणांचा धडा आला की प्रयोगशाळेत थर्मल कॅमेरा आणायचो आणि मुलांना टेबलावर तळहात टेकवून उचलायला सांगायचो. हात उचलल्यावरही पाच बोटांचा उबदार ठसा पडद्यावर काही सेकंद तसाच राहायचा आणि मग हळूहळू विझायचा. एका वर्षी एका विद्यार्थ्याने कॅमेरा खोलीभर फिरवला आणि दचकून सांगितले, “सर, कपाटाच्या आत कोणीतरी उभे आहे.” कपाट स्टीलचे होते आणि त्याचा पत्रा गुळगुळीत होता. त्यावरून परतलेली त्याच्याच अंगाची उष्णता त्याला माणसाच्या आकारात दिसत होती. कॅमेऱ्यात काहीही बिघाड नव्हता. जे किरण भिंगात शिरले ते त्याने इमानाने दाखवले होते. अर्थ मात्र चुकला होता, आणि कपाटाचे दार उघडून पाहण्याची सोय होती म्हणून तो लगेच दुरुस्तही झाला.

क्षेपणास्त्राचा माग काढणारा उपग्रह याच तत्त्वावर चालतो. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड जळते, आणि शेपटाच्या ज्वालेत तप्त ॲल्युमिनाचे कण, पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. हे वायू २.७ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीवर प्रखरपणे प्रकाशतात. गंमतीची गोष्ट अशी, की वातावरणाच्या खालच्या दमट थरातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड याच तरंगलांबीचे किरण शोषून घेतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला त्या पट्ट्यात जमीन काळोखी दिसते. रॉकेट त्या थराच्या वर आले की काळ्या पाटीवर एक तेजस्वी ठिपका उमटतो. अमेरिकेने नोव्हेंबर १९७० पासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर सोडलेले डीएसपी या पूर्वसूचना मालिकेचे उपग्रह स्वतःभोवती मिनिटाला सहा फेरे घेत, म्हणजे दर दहा सेकंदांनी तोच प्रदेश पुन्हा पाहत. तुलना करायची, तर आपल्या इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहालाही अवरक्त डोळा आहे, पण पृथ्वीच्या पूर्ण तबकडीचे चित्र घ्यायला त्याला जवळपास अर्धा तास लागतो. ढगांसाठी तेवढे पुरते. ज्या रॉकेटचे इंजिन दीड-दोन मिनिटांत विझणार आहे, त्याच्यासाठी मात्र या डोळ्याचा काहीच उपयोग नाही.

असे सेन्सर वेळ मिळवून देतात हे खोटे नाही. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधल्या, अमेरिकी सैन्य असलेल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा पूर्वसूचना मिळालेली असल्याने सैनिक आडोशाला जाऊ शकले. शंभराहून अधिक जणांना स्फोटांच्या धक्क्यांनी मेंदूला इजा झाली, पण मृत्यू एकाचाही झाला नाही. मात्र अमेरिकेचे रडार आणि तिच्या शत्रूचे प्रक्षेपणस्थळ यांच्यामध्ये बहुधा समुद्र, खंड आणि पृथ्वीचा गोलावा असतो. आपल्या पश्चिम सीमेवर तसे काही नाही. प्रक्षेपणस्थळापासून पाचशे किलोमीटरवर उभ्या असलेल्या रडारला पृथ्वीच्या वक्रतेमुळे सुमारे वीस किलोमीटरच्या वरचे सगळे दिसू लागते, आणि वीस किलोमीटर उंची क्षेपणास्त्र साधारण मिनिटभरात गाठते. उपग्रह त्याला ढगांच्या वर येताच पाहील हे धरले, तरी मिळणारा फायदा अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या पलीकडे जात नाही. तिबेटच्या पठारापलीकडून येणाऱ्या क्षेपणास्त्राचा हिशेब निराळा आहे. अडीच हजार किलोमीटरवरच्या रडारला वस्तू दिसण्यासाठी ती जवळपास पाचशे किलोमीटर उंच जावी लागते, मध्ये हिमालयाची भिंत असते, आणि तिथे उपग्रह चारेक मिनिटे आधी सांगू शकतो. चाळीस-पन्नास किलोमीटर उंचीवरून वळणे घेत येणाऱ्या हायपरसॉनिक ग्लायडरच्या बाबतीतही रडार आठशे किलोमीटरच्या आतच उपयोगी पडते, आणि म्हणूनच अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा अस्त्रांचा माग काढणारे उपग्रह खालच्या कक्षेत सोडले. ही दोन कारणे खरी आहेत आणि ती मला मान्य आहेत. पण पुण्या-मुंबईच्या माणसाला ज्या धोक्याची भीती वाटते, तिथे वेळेचा मुद्दा लंगडा पडतो, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

मग पश्चिमेकडे डोळा लावायचा कशासाठी? याचे उत्तर मला २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतरच्या घटनेत सापडते. मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ या भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. अमेरिकेतून आधी एक आणि मग एकूण पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचे उपग्रहाच्या यंत्रणेने सांगितले. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत हवाई संरक्षण दलाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि वातावरण तापलेले होते. पेत्रोव्ह यांनी वरिष्ठांना हा इशारा खोटा असल्याचे कळवले. युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, हा त्यांचा एक तर्क होता. आणि जमिनीवरचे रडार काहीही दाखवत नव्हते, ही दुसरी आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट होती. नंतरच्या तपासात निघाले, की उंच ढगांच्या माथ्यावरून परावर्तित झालेले ऊन नेमके उपग्रहाच्या डोळ्यात शिरले होते. माझ्या विद्यार्थ्याला कपाटात दिसलेला माणूस तो हाच.

याच्या उलटही घडले आहे. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातल्या पडद्यांवर प्रचंड सोव्हिएत हल्ला दिसू लागला. सरावासाठीची माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली होती. त्या वेळी पूर्वसूचना उपग्रहांनी आणि रडारांनी प्रत्यक्ष काय पाहिले हे तपासले गेले, तेव्हा आकाशात काहीच नव्हते. एकदा उपग्रह चुकला आणि रडारने सावरले, तर एकदा संगणक चुकला आणि उपग्रहाने सावरले. निरनिराळ्या भौतिक तत्त्वांवर चालणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम त्या देशांनी अशा रात्रींतून शिकून घेतला. क्षेपणास्त्राच्या इशाऱ्यासाठी आपली भिस्त आज मुख्यतः ‘स्वोर्डफिश’सारख्या जमिनीवरच्या रडारांवर आहे. रडार आपणच सोडलेल्या लहरींचा प्रतिध्वनी ऐकते, तर उपग्रह समोरच्याची आग पाहतो. एकाला फसवणारी गोष्ट दुसऱ्याला फसवीलच असे नाही. म्हणूनच मी त्याला दुसरा साक्षीदार म्हणतो.

भारताला तर या साक्षीदाराचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची मुभा आहे, जी प्रत्येक अण्वस्त्रधारी देशाला नसते. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या आपल्या आण्विक धोरणानुसार आपण अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही. हल्ला सोसून मग प्रत्युत्तर देण्याची तयारी हा त्या धोरणाचा पाया आहे. इशारा मिळताच बटण दाबायचे, अशी सक्ती आपल्या अधिकाऱ्यांवर नाही. त्यामुळे आपल्या सेन्सरची कसोटी इशारा किती सेकंद लवकर मिळाला ही नसून, खोटा इशारा किती खात्रीने बाजूला काढता आला ही असली पाहिजे. या दोन कसोट्यांतून दोन वेगळी यंत्रे जन्माला येतात. पहिल्या कसोटीवर बांधलेले यंत्र संशय येताच ओरडते आणि थेट इंटरसेप्टरला जोडलेले असते. दुसऱ्या कसोटीवर बांधलेल्या यंत्राची कच्ची माहिती मारा करणाऱ्यांच्या हाताखाली नसलेल्या वेगळ्या चमूकडे वेगळ्या वाटेने जाते आणि तिथे माणसे ती पारखतात. घोषणांच्या गर्दीत हा फरक कोणी विचारताना दिसत नाही, आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने तो विचारावा, असे मला मनापासून वाटते.

चूक शत्रूकडूनच होते असेही नाही. ९ मार्च २०२२ रोजी नेहमीच्या देखभालीच्या वेळी भारताकडून एक क्रूझ क्षेपणास्त्र, म्हणजे विमानासारखे हवेतून उडत जाणारे क्षेपणास्त्र, चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नू इथे जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते आणि कोणी दगावले नाही. भारताने त्याबद्दलचे अधिकृत निवेदन ११ मार्चला दिले, आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्या संध्याकाळी समोरच्या बाजूला रडारच्या पडद्याकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याने संयम दाखवला, हे आपले भाग्य होते. उद्या असेच काही तिकडून सुटले, तर आपल्या अधिकाऱ्यापाशी विचार करायला काय असेल? एकच रडार, एकच ठिपका आणि वरून येणारे फोन. “सुटले ते एकच आहे, बाकीची सगळी प्रक्षेपणस्थळे थंड आहेत,” असे वरून सांगणारा उपग्रह असेल, तर त्या माणसाच्या संयमाला आधार मिळेल. काहीच सुटलेले नाही हे सांगणे हे या यंत्राचे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि जाहिरातीत ते कधीच येत नाही.

हे काम नीट करायचे, तर सेन्सरच्या भिंगापेक्षा जास्त मेहनत एका वेगळ्या गोष्टीवर घ्यावी लागेल, आणि तिथे पुण्याचा थेट संबंध येतो. उपग्रहाला रोज दिसणार काय? पावसाळ्यात पंधरा-सोळा किलोमीटर उंच गेलेले क्युम्युलोनिंबस ढग आणि त्यांच्या माथ्यावरून तिरपे परतणारे ऊन, वीजांचा लखलखाट, पंजाब-हरियाणातल्या शेतांतले जळणारे काड, मेळघाटातले वणवे, मुंबई हायवरच्या तेलविहिरींवर जळणारा वायू, उत्तरेतल्या हजारो वीटभट्ट्या. या साऱ्यांतून एक खरी ज्वाला निवडायची असेल, तर आपल्या आकाशाची आणि जमिनीची अवरक्त पार्श्वभूमी ऋतूनुसार, तासानुसार, सूर्याच्या कोनानुसार नोंदलेली हवी. सोव्हिएत अभियंत्यांना नेमका हाच धडा सप्टेंबरातल्या त्या तिरप्या उन्हाने शिकवला. अमेरिकेने १९९६ मध्ये एक अख्खा उपग्रह मुख्यतः अशी पार्श्वभूमी आणि फसवी लक्ष्ये अभ्यासण्यासाठी सोडला होता. आपल्या मान्सूनची पार्श्वभूमी मात्र आपल्याला कोणीही विकत देणार नाही.

हे ज्ञान या शहरात तुकड्या-तुकड्यांनी आहे. १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचे मुख्यालय पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला आजही पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज कुठे पडली हे टिपणारे देशव्यापी जाळे उभारले आहे आणि शेतकऱ्याच्या फोनवर ‘दामिनी’ ॲप तिथूनच गेले आहे. सुतारवाडीत डीआरडीओच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत घन इंधने घडतात, म्हणजे ज्या ज्वालेचा वर्णपट उपग्रहाला ओळखायचा आहे, तिचे रसायन तिथे माहीत आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ यानावरची सौर दुर्बीण घडवली, म्हणजे अवकाशात टिकणारा नाजूक प्रकाशीय संच बांधण्याची हातोटीही इथे आहे. पाच-सात किलोमीटरच्या परिघातल्या या संस्था पार्श्वभूमीच्या अभ्यासासाठी एका टेबलाभोवती बसल्या, तर त्या कामाचा बराचसा भाग गुप्त ठेवण्याचीही गरज नाही. वणवे, वीज आणि ढग यांचा तोच संग्रह शेतीला आणि वनखात्याला लगेच उपयोगी पडेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ५२ टेहळणी उपग्रहांच्या सुमारे २७ हजार कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्या मानाने पार्श्वभूमीच्या नोंदीचा खर्च किरकोळ असेल, आणि तो केला नाही तर महागडे भिंगही त्या स्टीलच्या कपाटासमोर जाऊन उभे राहील.

ढालीबद्दल मला थोडेच सांगायचे आहे. इंजिन विझले की क्षेपणास्त्राची आग संपते आणि अवकाशाच्या गार पार्श्वभूमीवर जेमतेम खोलीच्या तापमानाचे एक धूड उरते. हवा नसल्याने हलके फुगे आणि जड स्फोटकशीर्ष तिथे एकाच वेगाने जातात, आणि त्यांतले खरे कोणते हे ओळखण्याचा प्रश्न साठ वर्षांत समाधानकारकपणे सुटलेला नाही. शिवाय डोळा चांगला असून हात चुकल्याचीही उदाहरणे आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान इथे इराकच्या स्कड क्षेपणास्त्राने २८ अमेरिकी सैनिक मारले, कारण शंभर तास अखंड चालू असलेल्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाने मागेपुढे झाले होते आणि तो चुकीच्या जागी पाहत राहिला. डीएसपीनंतरच्या उपग्रहांचे कंत्राट अमेरिकेने १९९६ मध्ये दिले आणि त्यांतला पहिला भूस्थिर उपग्रह २०११ मध्ये वर गेला. पंधरा वर्षे लागली, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. आता तोच देश ‘गोल्डन डोम’ या देशव्यापी क्षेपणास्त्रविरोधी ढालीची भाषा करतो आहे, जिचा खर्च २०२५ मध्ये १७५ अब्ज डॉलर सांगितला गेला होता. त्या भाषेचा प्रतिध्वनी आपल्या भाषणांत ऐकू येतो तेव्हा मला काळजी वाटते, कारण अभेद्य ढालीचे आश्वासन ऐकून समोरचा देश क्षेपणास्त्रे वाढवतो, आणि आपले लोक तळघरांची, दवाखान्यांची आणि भोंग्यांची तयारी विसरतात.

भोंग्यांवरून आठवले. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्तीच्या सूचनेची चाचणी घेतली, तेव्हा मी भाजी निवडत बसलो होतो. टेबलावरचा फोन कर्कश आवाजात थरथरू लागला, शेजारच्या घरातलाही, वरच्या मजल्यावरचाही. समोरच्या आजी जिन्यात येऊन विचारू लागल्या, “अहो सर, काय झालं? घरात थांबायचं का खाली उतरायचं?” पडद्यावर ही केवळ चाचणी असल्याचे लिहिले होते, पण चष्म्याशिवाय त्यांना ते वाचता येत नव्हते, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मलाही देता आले नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश चुकून लाखो फोनवर गेला. काहीही आलेले नाही, हे लष्कराला काही मिनिटांतच माहीत होते, तरी तो संदेश मागे घेणारा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली. त्या ३८ मिनिटांत आईबापांनी मुलांना गटारांच्या भोकांत उतरवले. वरचा डोळा पाहत होता, पण त्याने पाहिलेले खालच्या माणसापर्यंत पोहोचवणारी वाट कोणी बांधलेली नव्हती. आपल्याकडे उपग्रहाच्या खर्चात ही वाट पहिल्या दिवसापासून धरलेली असावी. मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि बोलून सांगितली जाणारी सूचना हवी, ती कोणत्या भागासाठी आहे हे त्यात असावे, आणि धोका नसल्याचे सांगणारी सूचनाही तितक्याच तातडीने निघावी.

हा पैसा रस्त्यांना आणि शाळांना द्यावा, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्या प्रश्नातली कळकळ मला समजते. पण चुकीच्या इशाऱ्यावरून सुरू झालेल्या युद्धात रस्ता आणि शाळा दोन्ही जातात, आणि ती शक्यता कमी करणारा खर्च मी त्याच रकान्यात धरतो. सेन्सरमुळे शेजारी बिथरेल, ही हरकत अधिक वजनदार आहे. तिच्यावर उपाय असा, की हा डोळा काय करतो हे शेजाऱ्याला कळू द्यावे. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस संगणकांच्या तारखेचा घोळ होईल या भीतीने रशियन अधिकारी कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या एका केंद्रात अमेरिकी अधिकाऱ्यांच्या शेजारी येऊन बसले होते आणि पूर्वसूचना उपग्रहांची माहिती दोघे मिळून पाहत होते. जून २००० मध्ये असे कायमचे केंद्र मॉस्कोत उभारण्याचा करारही झाला, पण ते कधी सुरू झाले नाही. आपल्याला एवढी मोठी झेप घेण्याची गरज नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ३ ऑक्टोबर २००५ पासून बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार आहे; त्यात क्रूझ क्षेपणास्त्रे नाहीत, आणि चुकून सुटलेल्या अस्त्राबद्दल लगेच कळवण्याची ठोस रीतही त्यात नाही. मियाँ चन्नूच्या प्रसंगात नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव होती. ३१ डिसेंबर १९८८ च्या कराराप्रमाणे दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला एकमेकांना देत आले आहेत. कारगिलनंतरच्या आणि पुलवामानंतरच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या. आपला पहिला पूर्वसूचना उपग्रह वर जाण्याआधी, अशाच एखाद्या १ जानेवारीला, क्रूझ क्षेपणास्त्रांची सूचना आणि चुकीच्या प्रक्षेपणाची खबर यांचा मसुदा त्या यादीबरोबर पाठवायला दिल्लीला कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागणार नाही.